चवीची वही

“लिवा गुर्जी, चव चांगली,” सगुणाकाकी म्हणाली आणि पातेल्यावर झाकण सारून भिंतीला टेकली.

माझ्या हातात वाटी होती, वाटीत दोन घास खिचडी. मी एक घास तोंडात घातला. मीठ पडलेलंच नव्हतं.

“आणि तुमच्या नावापुढं?”

“माझ्याबी तेच लिवा.”

“पण चाखली का तुम्ही?”

“आज गुरवार हाय.”

आदल्या दिवशी बुधवार होता आणि त्या दिवशी तिला भूक नव्हती. वही गुडघ्यावर घेऊन मी दोन्ही रकाने भरले. शिक्षक : चव चांगली. स्वयंपाकी : चव चांगली. सगुणाकाकीने पेन घेतलं आणि सही केली. त्या सहीतला पहिला ‘स’ अलीकडे ओळीवरून खाली घसरू लागला होता.

ही सात वर्षांपूर्वीची, पौषातली सकाळ. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि सडेवाडीच्या शाळेत लागून मला सात महिने झाले होते. सडेवाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यावरची, सड्यावरची, चाळीस घरं. तिथे सगळंच तांबडं होतं. वाट तांबडी, भिंती तांबड्या, धुऊन वाळत घातलेल्या धोतरांच्या कडाही तांबूस. मी मिरजेकडच्या काळ्या रानात वाढलेला. माणसांत गेलो की माझे शब्द आत ओढले जात, म्हणून इतक्या दूरची, इतक्या थोड्या माणसांची शाळा मिळाली याचा मला मनोमन आनंदच झाला होता.

शाळेत एकतीस मुलं आणि आम्ही दोघे शिक्षक. मुख्याध्यापक घाडगे गुरुजी निवृत्तीला टेकलेले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चवीची वही माझ्या हाती दिली. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकाने आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईने तो चाखायचा, शेरा लिहायचा, सही करायची, असा नियम होता.

“एक लक्षात ठेवा तोडकर,” ते म्हणाले होते, “रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना बोलतो.”

मी एकही रकाना रिकामा ठेवला नाही. माझं अक्षर चांगलं होतं.

चव मात्र चांगली नसे. खिचडी कधी खारट, कधी अळणी. मुलांनी त्यावर नावं पाडली होती. खारट झाली की ‘कोकण’, अळणी झाली की ‘घाट’. पंगतीत पहिला घास घेतलेलं मूल शेजारच्याच्या कानात कुजबुजायचं, “आज घाट,” आणि ती कुजबूज ओळीच्या टोकापर्यंत जायची. सगुणाकाकी डाव घेऊन जवळ आली की सगळी गप्प. तिला वाईट वाटू नये म्हणून मुलं गप्प होतात, असं मी समजत होतो.

तिची हकिकत मला घाडगे गुरुजींकडून कळली होती. मी येण्याच्या आदल्या श्रावणात तिची मुलगी गेली. रेणू तिचं नाव, तिसरीतली. सड्यावर रानभाजी खुडायला गेली आणि दगडाच्या फटीतलं फुरसं तिला चावलं. खाली दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. सगुणाकाकीचा नवरा मुंबईला बाजारात ओझी उचलायचा. दहाव्यानंतर तो परत गेला. घरी राहिल्या सगुणाकाकी आणि तिची सासू. रेणू गेली त्या दिवसापासून सगुणाकाकीने हिरवं पान तोंडात घातलं नव्हतं. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, चतुर्थी होतीच. ज्या पंगतीत रेणू बसायची त्या पंगतीचं अन्न तिला गिळवत नव्हतं. शिजवायची ती, पण चाखायची नाही.

मला हे सारं फार थोर वाटलं होतं.

मी तेव्हा कविता करत असे. निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. संध्याकाळी खोलीचं दार लावून मी तीत लिहायचो, आणि त्या हिवाळ्यात त्या वहीत बरंचसं सगुणाकाकीचंच होतं. तिचं हळू चालणं, पाण्याची कळशी अर्ध्या वाटेत टेकवून दूर पाहत उभं राहणं, मेणासारखी पिवळसर झालेली बोटं. माझ्या स्वतःच्या उदासीला कारण नव्हतं. तिच्या उदासीला होतं. मला तिचा हेवा वाटत होता की काय, हे मी आजही नक्की सांगू शकत नाही.

पेन्सिलींचं असं झालं. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी पाटीवरच्या पांढऱ्या पेन्सिलींचे खोके वर्गातल्या कपाटात असत. वरच्या खणात मुलांना दर सोमवारी जेवणानंतर द्यायच्या लोहाच्या गुलाबी गोळ्यांचा डबा, आणि त्याखालच्या खणात पेन्सिली. दिवाळीनंतर पेन्सिली कमी होऊ लागल्या. एक दिवस मधल्या सुट्टीत मी खिडकीतून पाहिलं. सगुणाकाकीने कपाट उघडलं, खालच्या खणातून पाच-सहा पेन्सिली काढल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि कपाट लावलं.

मी मागे सरलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्या घरात भिंतीला रेणूची पाटी टांगलेली आहे, हे मी ऐकून होतो. आई मुलीच्या पाटीपाशी रोज नवी पेन्सिल ठेवते, असं मी मनात धरलं आणि त्या रात्री निळ्या वहीची दोन पानं भरली. घाडगे गुरुजींना मी काही सांगितलं नाही. उलट पेन्सिलींचा खोका मागे असेल तर मीच तो पुढे ओढून ठेवू लागलो, तिला शोधावं लागू नये म्हणून.

त्या गुरुवारी वाढून झाल्यावर ती पायरीवर बसली. एरवी ती भांडी घासायला लगेच उठायची. मी वही कपाटात ठेवून बाहेर आलो तरी ती तशीच होती.

“बरं वाटत नाही का काकी?”

“बरंच हाय की.” थोडा वेळ ती सड्याकडे पाहत राहिली. “गुर्जी, माणूस किती दिवसांत पुसतंय?”

“म्हणजे?”

“रेणूचा आवाज आठवंना झालाय मला. तोंड आठवतं, पर तेबी फोटूतलंच. कशी बोलायची, कशी हाका मारायची, कायच न्हाई. डोस्क्यात नुसतं धुकं भरल्यागत होतंय.”

मी पायरीच्या कडेला टेकलो.

“मला नुसतं निजायचंय बगा,” ती म्हणाली. “निजायचं आन् उठायचं न्हाई. कुणी उठवूच ने.”

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, पाणी भरून झालं असं सांगावं तसं. मग ती भिंतीला हात लावत उठली आणि भांड्यांकडे गेली.

संध्याकाळी खोलीत येऊन मी निळी वही उघडली आणि तिचं ते वाक्य जसंच्या तसं उतरून घेतलं. त्याखाली तारीख घातली. मी त्या वाक्याचं इतकंच केलं.

दुसऱ्या दिवशी सगुणाकाकी आली नाही.

घाडगे गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले होते. दहा वाजले, साडेदहा झाले. चुलीपाशी तांदूळ तसाच. चौथीतल्या दोघी मुलींना मी वर्ग सांभाळायला सांगितलं आणि तिच्या घराकडे निघालो. वाटेत माझ्या कानात तिचं कालचं वाक्य होतं, आणि पहिल्यांदाच मला ते वाक्य कवितेतलं वाटलं नाही. पुढे पुढे मी पळत होतो.

अंगणात तिची सासू धोंडाबाई कोंबड्यांना कण्या टाकत होती.

“या गुर्जी. राणीसाहेबांना न्यायला आलासा? पालखी आणलीया का?”

“आजी, काकी कुठं आहेत?”

“हाय की, हांतरुणात. दिस डोक्यावर आला. माझी हाडं मोडली राबून, पर मी दिवसा कधी पाट टेकली न्हाई. आन् ही. सासूनं चा करावा, सुनंनं प्यावा. दिवसाला धा येळा नुसता चाच पितीया.”

तिने आत बोलावलं नाही, पण अडवलंही नाही. मी दारात उभा राहिलो. आत अंधूक होतं. डोळे सरावले तेव्हा आधी दिसली ती पाटी. खुंटीला टांगलेली, तिच्यावर बोटभर तांबडी धूळ. पाटीच्या आसपास एकही पेन्सिल नव्हती. खाली नाही, कोनाड्यात नाही, फोटोपाशीही नाही.

सगुणाकाकी भिंतीकडे तोंड करून निजली होती. श्वास चालू होता. तेवढं पाहून माझे पाय पुन्हा माझे झाले.

“काकी.”

ती वळली. तिच्या ओठांच्या कोपऱ्याला पांढरं लागलेलं होतं. उशाशी पदराची गाठ सुटून पडली होती आणि तीत पेन्सिलींचे तुकडे होते, काही अर्धे, काही नखाएवढे, दातांच्या खुणा असलेले.

आम्ही दोघेही त्या तुकड्यांकडे पाहत राहिलो. मग तिने घाईघाईने त्यांच्यावर हात ठेवला.

“सांगू नगा गुर्जी कुणाला,” ती पुटपुटली. “लई लाज वाटते. पर ऱ्हावत न्हाई. भाताचा वास आला की उमळतं, आन् ह्येचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. पयलं चुलीची माती खात हुते. मंग ह्ये.”

“आणि पाटी?”

“कसली पाटी?”

मी बाहेर येऊन धोंडाबाईला म्हणालो, “आजी, यांच्याजवळ बसा. मी येईपर्यंत जागचं हलू नका.” माझा आवाज कसा होता ते मला माहीत नाही, पण म्हातारीने कण्यांचं सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन बसली.

आरोग्य उपकेंद्र पायथ्याच्या गावी, उतरणीची तीन मैल वाट. नलवडे सिस्टर तिथे एकट्याच असायच्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. मुलांच्या तपासणीला शाळेत आल्या की मी मुद्दाम दुसऱ्या वर्गात जाऊन बसायचो, कारण त्या थट्टा करायच्या. त्या दिवशीही त्यांनी तशीच सुरुवात केली.

“अरे वा, तोडकर गुरुजी. आज वाघाच्या गुहेत हरण?”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उपवास, अळणी खिचडी, चहा, चुलीची माती, पेन्सिली, कालचं वाक्य. एवढं सलग मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो. त्या ऐकत असतानाच बॅग भरत होत्या.

“पेन्सिली कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“तुम्हाला कधीपासून माहीत?”

“दिवाळीपासून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. “बसा मागे.”

सगुणाकाकी उठून बसली होती, धोंडाबाई तिच्या पाठीशी. सिस्टरांनी खिडकीचं फळकूट उघडलं, तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं उजेडात धरली. नखं मधे खोलगट झाली होती. मग बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. तो थेंब मी पाहिला. तांबड्या मातीच्या त्या गावात इतकी फिकी गोष्ट मी पाहिली नव्हती.

“बाईला बारा लागतं,” सिस्टर म्हणाल्या. “तुझं पाच भरलंय. इतक्या रक्तावर तू पातेली उचलत होतीस? आज, आत्ता कराडला जायचं. रक्त चढवावं लागेल.”

“मला न्हाई जायचं.”

“का?”

“मी आजारी न्हाई. माझी पोर गेली.”

“ते मला माहीत आहे, सगुणा.”

“मंग? रगत भरलं की ती येणार हाय व्हय?” तिच्या बोलण्याला अचानक धार आली होती. “म्हंजे मला तिचं काय वाटतच न्हाई, नुसतं रगत कमी हाय, असं म्हणता? गोळी घेतली की हसायला लागंल मी? असली बरी मला व्हायचं न्हाई.”

सिस्टर जमिनीवर मांडी घालून बसल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई इतक्या हळू बोलू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

“असं मी कुठं म्हटलं? पोर गेली ते खरं. तिच्यापायीच तू पान सोडलंस, जेवण सोडलंस, तेही खरं. पण अंगातलं लोह संपत आलं की माणसाचं मनही पडतं बाई. झोपावंसं वाटतं, डोकं चालत नाही, माती खडू खावासा वाटतो. आता यातलं दुःखाचं किती आणि रक्ताचं किती, ते मला निवडून सांगता यायचं नाही. डॉक्टरलाही यायचं नाही. पण रक्ताचं जेवढं आहे तेवढं आपल्या हातात आहे. तेवढं करू.”

सगुणाकाकीने मान हलवली. नाही.

मग धोंडाबाई म्हणाली, अगदी कोरड्या आवाजात, “ऱ्हाऊ द्या बाई, जबरदस्ती नगं. नात गेली, आता सूनबी जाऊ द्या. मी बसते हितं एकटी, कोंबड्या राखत.” आणि तिने तोंड पदरात घेतलं. तिला रडताना सगुणाकाकीनेही त्याआधी पाहिलं नसावं. ती सासूकडे पाहतच राहिली.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. कुणी मला काही विचारलं नव्हतं. बोलायचं नसतं तर मला सहज सुटता आलं असतं. आयुष्यभर मी तसाच सुटत आलो होतो.

“काकी,” मी म्हणालो, “तुम्ही पेन्सिली नेताना मी बघितलं होतं. पहिल्याच दिवशी. मला वाटलं, रेणूच्या पाटीपाशी ठेवता. म्हणून खोका मीच पुढं ओढून ठेवत होतो.”

ती काही न समजल्यासारखी पाहत होती.

“आणि वहीत रोज मी तुमच्या नावापुढं लिहिलं, चव चांगली. तुम्ही चाखत नव्हता. तुम्ही जेवतच नव्हता. मला माहीत होतं, तरी लिहिलं. काल तुम्ही पायरीवर जे बोललात ते मी घरी जाऊन लिहून ठेवलं. ते लिहायचं नव्हतं. खाली पळत जाऊन सिस्टरांना सांगायचं होतं.”

“तुमचा काय दोस गुर्जी...”

“तुम्ही म्हणालात, रेणूचा आवाज आठवत नाही.” मी सिस्टरांकडे वळलो. “ते यानंच होतं का?”

सिस्टरांनी थोडा विचार केला. “विसरायला होतं, हे खरं. डोक्याला पुरेसं मिळत नाही. याचं किती, आणि बाकीच्याचं किती, ते पुन्हा तेच.”

“मंग परत यील?” सगुणाकाकीने विचारलं. “आवाज?”

“भरवसा देत नाही मी. येईलही. नाही आला, तर माझ्या दारात येऊन शिव्या घाल मला. पण त्यासाठी चालत यायला अंगात रक्त पाहिजे.”

सगुणाकाकी धुळीने भरलेल्या पाटीकडे पाहत होती. कोंबडी दारात येऊन परत गेली. मग ती सासूला म्हणाली, “आत्याबाई, धुतलेलं पातळ द्या.”

वडापची जीप येईपर्यंत ती अंगणात दगडावर बसली. जीपमध्ये चढताना तिला हात द्यावा लागला. तिचं वजन एखाद्या रिकाम्या कळशीइतकं होतं.

घाडगे गुरुजी संध्याकाळी परतले. मी चवीची वही त्यांच्यापुढे ठेवून काय काय खोटं आहे ते सांगितलं. मला वाटलं होतं, ते रागावतील. त्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी ‘तपासले’ असं लिहून त्यांची सही होती.

“दीड वर्ष मी तपासतोय,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी वही मिटली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसले.

सगुणाकाकी सहा दिवस दवाखान्यात होती. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या, नवरा मुंबईहून आला, गोळ्या सुरू झाल्या. मनाच्या डॉक्टरलाही महिन्यातून एकदा दाखवायला सांगितलं आणि नवऱ्याने त्याला मान डोलावली. दोन महिने शाळेत धोंडाबाईने स्वयंपाक केला. ती मीठ मुठीने घालायची. ओळीत रोज ‘कोकण’ होतं.

येता-जाता मी त्यांच्या अंगणात थांबू लागलो. एकदा चुलीवर माठाची भाजी होती. सगुणाकाकी ताटापुढे बसली होती आणि तिच्याने घास उचलवत नव्हता.

“बाजारातली हाय,” धोंडाबाई दुसरीकडे पाहत म्हणाली. “पायथ्याच्या बाजारातली. सड्यावरची न्हाई.”

सगुणाकाकीने घास घेतला. डोळे मिटून, औषध घ्यावं तसा. मी पुढे निघालो.

निळी वही मी त्या दिवसांत उघडली नाही. चांगला झालो म्हणून नव्हे. तीत काय लिहावं, ते कळत नव्हतं.

फाल्गुनाच्या शेवटी एका सकाळी शाळेत आलो तर चुलीपाशी सगुणाकाकी होती. गालांवर थोडा रंग आला होता. चालणं अजून सावकाश, पण कळशी तिने वाटेत टेकवली नाही. मी मुलांची हजेरी घेतली, आणि खिचडी झाल्यावर वही आणि वाटी घेऊन गेलो. दोन वाट्या घेतल्या होत्या. दुसरी मी तिच्यापुढे ठेवली.

तिने वाटीकडे पाहिलं. वार सोमवार होता. मुलं बाहेर हात धूत होती. तिने दोन बोटांनी खिचडीचा घास उचलला, फुंकर घातली आणि तोंडात घातला.

ती चावत राहिली. मग थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली, लांबून कुणी हाक मारली आणि नीट ऐकू आली नाही म्हणजे पडते तशी.

“आज घाट झालाय,” ती म्हणाली.

मी चमकलो. मुलांचा हा शब्द तिच्या कानावर कधी पडल्याचं मला माहीत नव्हतं. “काकी, मुलं गंमत म्हणून बोलतात. तुम्ही मनावर—”

“पोरांचं न्हाई ते.” तिचा हात वाटीतच राहिला होता. “रेणूचं हाय. घरी जेवाय बसली का पयला घास घ्यायची आन् डोळं बारीक करायची. आई, आज घाट झालाय गं. आई, आज कोकण. शाळंत समद्यांस्नी तिनंच शिकवलं.” ती थोडी थांबली. “ ‘गं’ वर जोर द्यायची. असा लांबवायची. आई, घाट झालाय गंऽऽ.”

तो ‘गं’ तिच्या तोंडून निघाला आणि तो तिचा आवाज नव्हता. कोवळा, थोडासा हट्टी, नाकातला आवाज. ज्या मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं तिला मी त्या वेळी ऐकलं.

बाहेर हात धुणारी मुलं गप्प झाली होती. ती ओळीत गप्प का व्हायची, ते मला तेव्हा कळलं.

मग सगुणाकाकी रडली. त्याआधी नऊ महिन्यांत मी तिला रडताना कधीच पाहिलं नव्हतं. हे रडणं मोठ्याने होतं, सगळ्या अंगाने होतं, आणि ते सुंदर मुळीच नव्हतं. चौथीतली एक मुलगी आत आली, पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवून परत गेली. मी वही धरून उभा होतो. निघून जावंसं वाटत होतं, गेलो नाही.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं, तांब्यातलं पाणी प्यायली आणि माझ्याकडे हात केला.

“आणा वही.”

ती चौथीपर्यंत शिकली होती. पेन मुठीत धरून, एकेक अक्षर ओढत, तिने स्वतःच्या नावापुढे लिहिलं : मीठ कमी. खाली सही केली. ‘स’ ओळीवर उभा होता.

“पोरं खोळंबली,” ती म्हणाली, आणि उठून तिने मिठाच्या डब्याचं झाकण काढलं.